कृपया माझ्या मुलांना मदत करू नये

मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी मी पडवीतल्या झोपाळ्यावर पडून मोबाइलवर एक व्हिडिओ बघत होतो. मोबाइल नव्हते तेव्हाचं बालपण किती सुंदर होतं, असा त्याचा विषय होता. उघडी पोरं ओढ्यात उड्या मारताहेत, कुणी टायर पळवतंय, मागे बासरी वाजतेय. माझे डोळे भरून आले. लगेच तो व्हिडिओ मी जुन्या मित्रांच्या ग्रुपवर, शिक्षकांच्या ग्रुपवर, वाडीच्या ग्रुपवर आणि समोरच बसलेल्या बायकोला पाठवला.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. कुणकेश्वरपासून फार लांब नसलेल्या एका गावात आमचं घर आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं ते ज्यांच्या लक्षात राहिलेलं नाही त्यांना मुद्दाम आठवण करून देण्यात अर्थ नाही. घरात आम्ही चौघं. मी, म्हणजे सत्यवान धुरी, बायको शर्मिला, सहावीतली तन्वी आणि तिच्याहून लहान समर्थ. ही दोन्ही पोरं त्या वेळी पडवीच्या दुसऱ्या टोकाला एकाच मोबाइलवर डोकी टेकवून बसली होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, एकाच धडाला दोन डोकी आहेत.

ते दृश्य बघून मी माझं नेहमीचं व्याख्यान सुरू केलं. आमच्या लहानपणी आम्ही सकाळी भाकरी बांधून जे बाहेर पडायचो ते दिवेलागणीला घरी यायचो. सड्यावर, म्हणजे गावामागच्या कातळाच्या पठारावर, हुंदडायचो, करवंदं खायचो, काजूच्या बिया भाजायचो, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, डुंबायचो, आणि कुठे होतास म्हणून कुणी विचारत नसे. हे व्याख्यान घरात इतक्यांदा झालं होतं की मी मध्ये शिंकलो असतो तर समर्थने पुढचं वाक्य पुरं केलं असतं.

तन्वी मान वर न करता म्हणाली, "मग सोडा की आम्हाला."

मी विचारलं, "कुठे?"

"आजोळी. सड्यावरून, चालत. आम्ही दोघंच." असं म्हणून तिने मोबाइल जमिनीवर पालथा ठेवला. तो तिने आपणहून खाली ठेवलेला मी प्रथमच बघत होतो, आणि मला जरा भीती वाटली.

माझी सासुरवाडी सड्याच्या पलीकडे आहे. गाडीरस्ता लांबचा वळसा घेतो. पण आमच्या घरामागून चढून कातळ ओलांडला आणि पलीकडच्या काजूच्या बागांतून उतरलं की सासऱ्यांच्या घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, लागतं. वाट सरळ आहे, वाहन नाही, माणूस नाही. म्हणजे पोरीने मागितलं ते अगदी माझ्या व्याख्यानातलंच होतं. हिमालयाचं वर्णन करणाऱ्या भूगोलाच्या मास्तराला एखाद्या विद्यार्थ्याने "चला, निघू या," म्हणावं तसं माझं झालं.

मी आशेने शर्मिलाकडे पाहिलं. ती कोकमं फोडत बसली होती, हात मनगटापर्यंत लाल. आईचं काळीज आहे, ती नाही म्हणेल, मग मी "तूच त्यांना घरकोंबडी केलंस," असं म्हणून सुस्कारा टाकीन आणि माझी अब्रू शाबूत राहील, असा माझा हिशेब होता.

ती म्हणाली, "जावंदेत. मी ल्हान आसताना त्याच वाटेन शाळेत जायचंय." आणि एक कोकम फोडून झाल्यावर म्हणाली, "पण तुमी मागसून जावचा नाय."

मी हसून म्हटलं, मी कशाला जातोय मागून?

ही बातमी माझा चहा संपायच्या आत कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे पोचली होती. शेजारच्या सुभद्राकाकी गडग्याला टेकून उभ्याच होत्या. त्यांनी सांगितलं की सड्यावर बिबट्या आहे. कुणी पाहिला, तर त्यांच्या दिराच्या मित्राने. आमच्या भागात बिबट्या सगळ्या गावांत आहे, पण तो पाहणारा माणूस नेहमी दुसऱ्या गावचा असतो. बिबट्यानंतर काकी सापावर आल्या, सापावरून उन्हावर, उन्हावरून मुंबईकरांच्या गाड्यांवर. मुलांबरोबर काठी द्या म्हणाल्या, मग बॅटरी द्या म्हणाल्या. दिवसा बॅटरी कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. रिक्षाने मुलांना सड्याच्या पलीकडे न्यावं आणि शेवटचा उतार तेवढा चालवावा, फोटोपुरता.

मला आधार हवा होता म्हणून मी नाक्यावर निलेशकडे गेलो. निलेश माझा लहानपणचा सवंगडी. व्याख्यानात "आम्ही" म्हणून जे येतं त्यात निम्मा निलेश असतो. मधमाश्यांचं पोळं काढताना त्याचे दोन्ही डोळे सुजले होते आणि मी त्याला हाताला धरून घरी आणलं होतं. आता त्याचं मोबाइलचं दुकान आहे. माझं ऐकून घेऊन त्याने गिऱ्हाइकाला थोडं बाजूला केलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सत्या, आपण काय काय केलेला ता तुका याद आसा मा?"

मी म्हटलं, आहे ना, म्हणूनच तर.

"म्हणानच सांगतंय. सोडू नको."

मग त्याने मला मुलांच्या मनगटावर बांधायचं एक घड्याळ दाखवलं. मूल कुठे आहे ते त्याच्यावरून आपल्या मोबाइलवर दिसतं. त्याने स्वतःच्या मुलाचा निळा ठिपका अभिमानाने दाखवला. ठिपका त्यांच्या घरातल्या पलंगावर होता. निलेश म्हणाला, बघ, किती सुरक्षित आहे. तो ठिपका दिवाळीपासून हललेला नसावा असं मला वाटलं.

शिक्षकांच्या ग्रुपवर एकाने असं सुचवलं होतं की, उद्या काही झालं तर आपण कळवलेलं असावं. म्हणून मी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचार करून सांगितलं, "सर, जनावरं मोकळी सोडण्याबाबत आपल्याकडे नियम आहेत. मुलं मोकळी सोडण्याबाबत नाहीत." शिवाय अर्धा सडा शेजारच्या ग्रामपंचायतीत येतो, तेव्हा ते अर्ध्या वाटेपर्यंतच दखल घेऊ शकत होते. त्यापुढे मुलं कुणाच्या अखत्यारीत, हे त्या कार्यालयाला विचारावं लागणार होतं. मात्र मी याला 'उपक्रम' म्हटलं तर सोपं जाईल असं ते म्हणाले. उपक्रमाला नाव असावं, एक फलक असावा, सरपंचांनी हिरवा झेंडा दाखवावा, सड्याच्या मध्यावर सरबत असावं. त्यांनी सरपंचांना फोन लावायच्या आत मी उठलो. वाटेत पोलीस पाटील भेटले, त्यांना सांगितलं. मला सांगितलंत हे बरं केलंत, असं म्हणून ते ती गोष्ट सगळ्यांना सांगायला निघून गेले.

एका सकाळी मुलं निघाली. पिशवीत भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि पाणी. माझं वर्तमानपत्र वाचून व्हायच्या आत ती परत आली, पोलीस पाटलांच्या भाच्याच्या मोटारसायकलवर, एक पुढे आणि एक मागे. भाचा म्हणाला, सर, पोरं सड्याच्या वाटेला लागली होती, बरं झालं मी बघितली. ती त्याच वाटेला लागायला निघाली होती हे त्याला पटेना. त्याने दोघांना आइस्क्रीमही खायला घातलं होतं. समर्थच्या मते मोहीम यशस्वी झाली होती.

पुढच्या खेपेला घरामागच्या चढापर्यंत पोचायच्या आधीच सुभद्राकाकींच्या मुंबईच्या पुतण्याने गाडी थांबवली. तन्वी नको नको म्हणत असताना त्याने दोघांना गार हवेत बसवलं आणि गाडीरस्त्याने वळसा घालून थेट आजोबांच्या खळ्यात उतरवलं. मग मला फोन करून, आभार मानायची गरज नाही, असं आधीच सांगून टाकलं. माझ्या सासूबाई, रुक्मिणीबाई, यांनी मुलांना सोलकढी पाजली. सासऱ्यांना सगळा गाव दाजी म्हणतो, मीही दाजीच म्हणतो. त्यांनी संध्याकाळी दोघांना स्कूटरवरून आणून सोडलं. तन्वीने पिशवी पडवीत टाकली.

"बाबा," ती म्हणाली, "ही माणसं आम्हाला हरवूच देत नाहीत."

तिचा आवाज रडवेला झाला होता. तेव्हा मात्र माझ्यातला बाप आणि माझ्यातला शिक्षक दोघेही एकदम जागे झाले. मी बसून वाडीच्या ग्रुपवर संदेश लिहिला: "उद्या सकाळी माझी दोन मुलं सड्यावरून एकटी आजोळी जाणार आहेत. ती दिसल्यास कृपया माझ्या मुलांना मदत करू नये. त्यांना थांबवू नये, गाडीत घेऊ नये, आइस्क्रीम देऊ नये. आपला, सत्यवान धुरी, भूगोल शिक्षक."

इतकं निःसंदिग्ध मराठी मी क्वचितच लिहिलं असेल. पहिलं उत्तर आलं ते अंगठा. दुसरं, "अभिनंदन सर." तिसऱ्याने हात जोडून "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं. हे गृहस्थ कुणाचाही संदेश पहिल्या दोन शब्दांपलीकडे वाचत नाहीत. समजावल्यावर त्यांनी ते पुसलं, पण तोपर्यंत सुभद्राकाकी गडग्यावर येऊन डोळे पुसत होत्या. पुढे हा संदेश एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर, सड्याच्या पलीकडे गेला. जाताना वाटेत त्यातला 'नये' पडला, मग माझं नाव पडलं, मग आजोळ पडलं. पलीकडच्या गावात तो पोचला तेव्हा, दोन मुलं सड्यावर एकटी आहेत, दिसल्यास मदत करावी, एवढाच उरला होता. हे मला नंतर कळलं. ज्या जागी कळलं ती जागा भूगोलाच्या शिक्षकाला शोभणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलं पुन्हा निघाली. या खेपेला त्यांना कुणी अडवलं नाही. तन्वी पुढे, समर्थ मागे. चढावर समर्थने एकदा मागे वळून बघितलं, मग दोघंही कडेच्या आंब्याआड गेली. शर्मिला आपल्या कोकमांकडे वळली.

मी वर्तमानपत्र वाचलं. मग तेच पुन्हा वाचलं. विहिरीत पाणी किती आहे ते बघून आलो. घर इतकं गप्प होतं की घड्याळाची टिकटिक उपदेशासारखी ऐकू येत होती. शेवटी मी सहज म्हटलं, जरा काजू बघून येतो. शर्मिला मान वर न करता म्हणाली, "जावा."

काजू बघायला जाताना माणूस ज्या वस्तू नेतो त्याच मी नेल्या. पाण्याच्या दोन बाटल्या, ग्लुकोजची पूड, मलमपट्टी आणि शाळेच्या पक्षिनिरीक्षणाची दुर्बीण. ऊन फार म्हणून डोक्याला आणि तोंडाला टॉवेल गुंडाळला. मी मुलांच्या मागून जात नव्हतो हे इथे नोंदवून ठेवतो. त्यांच्यामागे बऱ्याच अंतराने, त्याच दिशेने, पण वेगळ्या कामासाठी जात होतो.

सड्यावर पोचलो आणि समोर नजर जाईल तिथपर्यंत नुसता तापलेला काळा कातळ. मुलं नव्हती. आजोळी निघालेली मुलं आजोळच्या दिशेने जातात, असं मी गृहीत धरलं होतं. मी दुर्बीण लावली. एक गाय एकदम अंगावर आली, म्हणून दुर्बीण काढली तर ती खूप लांब चरत होती. तेवढ्यात उजव्या चपलेचा अंगठा तुटला. मे महिन्यातल्या कातळावर एक पाय अनवाणी टाकून बघावा, माणूस आपोआप नाचू लागतो. नाचत नाचत मी करवंदीच्या एका जाळीच्या सावलीला गेलो, आणि तिथून टेहळणी बरी होईल म्हणून थोडा आत सरकलो. करवंदीच्या जाळीचा स्वभाव असा की ती माणसाला आत येऊ देते. बाहेर जायचं म्हटलं की मग तिचे काटे बोलू लागतात.

मी सदऱ्याचा एकेक काटा सोडवत होतो तेव्हा जाळीबाहेर पावलं थांबली. सासुरवाडीचा बाबली नावाचा म्हातारा आणि सुट्टीला आलेले दोन तरुण मुंबईकर माझ्याकडे बघत होते. मदत करण्याचा संदेश वाचून ते सड्यावर आले होते.

"बाहेर येवा," बाबली म्हणाला. मी प्रयत्न केला. शेवटी तरुणांनी ओढलं. मी बाहेर आलो, सदऱ्याचा थोडा भाग आत राहिला.

"हंय काय करतास?"

मला वर्गात थेट उत्तरं द्यायची सवय. मी म्हणालो, "मी दोन मुलांच्या मागे आहे."

काही वाक्यं तोंडातून पडेपर्यंत ठीक वाटतात. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका तरुणाने माझी दुर्बीण काढून घेतली. दुसऱ्याने ग्लुकोजची पुडी उघडून लांबून वास घेतला आणि ती पुन्हा अतिशय काळजीपूर्वक बंद केली. मी घाईघाईने सांगितलं की मी दाजींचा जावई आहे. बाबलीने माझा टॉवेल बाजूला करून मला जवळून निरखलं.

"दाजीचो जावय मी लग्नात बघितलंय," तो म्हणाला. "तो गोरो होतो. आणि तेका केस होते."

ते लोक माझ्याशी वाईट वागले असं मात्र मी म्हणणार नाही. एकाने आपली चपलेची जोडी मला दिली, ती लहान होती तरी दिली. दुसऱ्याने माझं पाणी मलाच विचारून विचारून पाजलं. आणि मधे मला ठेवून, लग्नाच्या वरातीसारखे, ते सावकाश मला खाली सासुरवाडीच्या पोलीस दूरक्षेत्राकडे, म्हणजे छोट्या चौकीकडे, घेऊन गेले. सासुरवाडीतलं कुणी ओळखील म्हणून मी टॉवेल नाकावर ओढला. त्यामुळे जे अंगणातून नुसतं बघत होते ते रस्त्यावर आले.

हवालदार सभ्य होते. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि शुद्ध मराठीत चौकशी केली. मुलं कुणाची, तर माझीच. ती हरवली आहेत का? नाहीत.

"मग तुम्ही त्यांना शोधत होता का?"

"हो."

"सापडली असती तर काय करणार होता?"

मी खरं सांगितलं. "लपणार होतो."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. पुढे विचारायचं काय, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलं नसावं. शेवटी त्यांनी दाजींचा नंबर मागितला आणि स्वतःच फोन लावला. जावई इथे बसलेत, असं सांगितलं. आणि मुलं पोचली का, असं विचारलं.

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. पण हवालदारांचा चेहरा बदलला. मुलं पोचली नव्हती.

दुपार चढली होती. पायथ्यापासून खळ्यापर्यंत कितीही रमतगमत गेलं तरी केव्हाच पोचायला हवं होतं. आणि मला एकदम सड्यावरची चिऱ्याची जुनी खाण आठवली. मी सकाळी तिच्या कडेने आलो होतो. तिच्या तळाला मेमध्येही हिरवं, खोल पाणी असतं. मी आत डोकावलो नव्हतो. मी त्या वेळी गाय बघत होतो.

मी ताडकन उठलो आणि "खाण," एवढंच म्हणालो. माझं तोंड पाहून बाबलीने दुर्बीण माझ्या गळ्यात परत अडकवली. हवालदारांनी टोपी घातली.

त्यानंतर जे झालं ते इतक्या भराभर झालं की मला नीट सांगता येत नाही. दाजी स्कूटरवरून आले, माझ्या फाटक्या सदऱ्याकडे बघितलं आणि मला मागे बसवलं. फोनाफोनी झाली. ज्यांना मी मदत करू नये असं लेखी कळवलं होतं ती सगळी माणसं सड्यावर चढत होती. पुतण्या गार हवेची गाडी खाली टाकून चालत आला, पोलीस पाटलांचा भाचा आला. ऐन सुट्टीच्या गिऱ्हाइकीत दुकान बंद करून निलेश आला. तो थेट खाणीत उतरला. मी कडेला उभा राहिलो. खाली बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. निलेश वर आला तेव्हा छातीपर्यंत भिजला होता.

"नाय," तो म्हणाला. "कोणी नाय थंय. बस खाली." आणि त्याने माझा दंड धरला तो बराच वेळ सोडला नाही.

शर्मिला आली. मी दिलेला शब्द, दुर्बीण, परक्याच्या चपला, हे सगळं तिने एका नजरेत बघितलं. तिने फक्त विचारलं, "व्हाळाकडे कोण गेलो?"

कुणीच गेलं नव्हतं. व्हाळ वाटेवर नाही, वाट सोडून बाजूच्या घळीत उतरावं लागतं. ती ओढणी कमरेला बांधून चालायला लागली, आणि मी तिच्यामागे.

घळीच्या तोंडाशी काजूच्या बागांतून शोधणाऱ्यांची एक रांग येत होती. सुट्टीला आलेली मुंबईकर मंडळी होती. मुलांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून ती झुडपं काठ्यांनी झोडपत नुसतीच "ओ पोरांनोऽ" अशा हाका मारत होती. रांगेच्या टोकाला एक गृहस्थ होते. त्यांच्या बाजूला दोन बुटकी माणसं काठ्या घेऊन अतिशय मन लावून झुडपं झोडपत होती.

"ओ पोरांनोऽ," समर्थ ओरडला.

शर्मिला थांबली. मी खाली बसलो. कातळ तापलेला होता म्हणून लगेच उठलो.

मग उलगडा झाला. व्हाळाकडून वर येताना त्यांना ही रांग दिसली. तन्वीने त्या गृहस्थांना विचारलं, कोण हरवलंय? ते म्हणाले, दोन लहान मुलं, आणि एक टॉवेल गुंडाळलेला माणूस त्यांच्या मागावर होता म्हणे. बिचारी लहान असतील, घाबरली असतील, असं वाटून ही दोघं शोधायला लागली. गृहस्थांनी त्यांना बिस्किटं दिली आणि बजावलं की एकमेकांचा हात सोडू नका, नाहीतर तुम्हीही हरवाल.

शर्मिलाने समर्थचं करवंदांनी जांभळं झालेलं तोंड ओढणीने इतक्या जोरात पुसलं की तो कळवळला. मग दोघांनाही तिने पोटाशी धरलं. रांगेतली माणसं हसायला लागली, निलेश ओल्या पँटीने खाली बसून हसला, दाजी हसले. हवालदारांना मात्र प्रश्न पडला की मुलं कुणाला सापडली असं लिहायचं. बराच विचार करून ते "शोधपथकास" म्हणाले, आणि ते खरंच होतं.

तन्वी माझ्याजवळ आली. "बाबा, तुम्ही आलात ना मागून?"

मी म्हटलं, मी काजू बघायला आलो होतो. तिने माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. तिने विचारायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

त्या रात्री आम्ही सासुरवाडीलाच राहिलो. रुक्मिणीबाईंनी मला पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी काढली, बांगड्याचं तिखलं वाढलं. पोलिसांकडून आलेल्या जावयाचा मान जरा जास्तच ठेवावा लागतो. जेवण होतंय तोवर बाबली एक भलामोठा फणस घेऊन क्षमा मागायला आला, बराच वेळ बसला, आणि जाताना केस कशाने गेले, असं हळूच विचारून गेला.

मी मात्र वेगळ्याच गोष्टीची वाट बघत होतो. सकाळपासून दुपार उलटेपर्यंत पोरं होती कुठे? तन्वीच्या फ्रॉकचा घेर ओला होता. समर्थच्या गुडघ्याला केळीच्या सोपाच्या दोरीने पाला बांधलेला होता, तो कुणी बांधला? दोघांच्या बोटांना काजू भाजल्याचे काळे डाग होते, आणि पिशवीत काडेपेटी दिलेली नव्हती. मी समर्थला मांडीवर घेऊन लाडीगोडीने विचारलं. तो म्हणाला, "काही नाही." मी तन्वीला विचारलं, कुठे होतात? "सड्यावर." काय केलंत? "असंच." तिने समर्थकडे पाहिलं, समर्थने छपराकडे पाहिलं.

मी शर्मिलाकडे तक्रार केली. काय काय झालं असेल, आणि बापाला एक शब्द सांगत नाहीत. ती ताटं उचलत होती.

"मी तरी माझ्या आयशीक कधी सांगलंय?" ती म्हणाली.

चुलीपाशी वाकलेल्या रुक्मिणीबाई सरळ झाल्या. "काय नाय सांगलंस गो?"

"काय नाय," शर्मिला म्हणाली आणि ताटं घेऊन मागीलदारी गेली. रुक्मिणीबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांनी त्यांना काहीतरी नवीन काळजी लागलेली दिसली.

मी हात धुवायला उठलो. आतल्या खोलीत पोरं अंथरुणावर पडून कुजबुजत होती. मध्येच समर्थ म्हणाला, "आणि तो पाण्यात पडला तेव्हा..." आणि दोघं तोंडात उशी कोंबून हसायला लागली. कोण पडला? कुठल्या पाण्यात? मी श्वास रोखून दाराशी सरकलो. दारातली फळी करकरली.

"शू, बाबा," तन्वी म्हणाली. आत एकदम सामसूम झाली.

मग मुद्दाम मोठ्याने खोकलो, पावलं वाजवत मागे फिरलो आणि बाहेर खळ्यात दाजींच्या शेजारी जाऊन बसलो. दाजींनी पानाचा डबा माझ्याकडे सरकवला. मी चुना लावत होतो तेव्हा आतून पुन्हा हसू फुटलं, आधीपेक्षा मोठं.